सहावं घर

नातू म्हणाला, आजोबा, यात कुदळ नाही, घमेलं नाही,
तरी ही खाणच.
प्लातोनने गॅरेजात फळी ठोकली,
तिच्यावर दोन जुनी ग्राफिक्स कार्डं,
एक उघडाबोडका मदरबोर्ड,
आणि बटाट्यांच्या पोत्यांशेजारी पंखा.
बाहेर उणे चौतीस, आत पंखा!
शेजारचा नेस्तोर दारात उभा राहून हसून गेला.

हे करतं काय?
आकडा ओळखतं. चुकला की पुढचा.
सेकंदाला लाखो वेळा चुकतं, आजोबा.
जगात कुणाचा तरी कधीतरी बरोबर येतो,
त्यातला चिमूटभर चुरा आपल्याला.
म्हणजे लॉटरीच की.
हो, पण विजेचं बिल येणारी.

वीज मला नवी नाही.
एकतीस वर्षं ब्रात्स्कच्या धरणावर पाळी केली.
टर्बाइनचा सूर केसभर उतरला
तरी हातातला चहा खाली ठेवायचो.
तारेतून येते ती अंगारा नदी, हे मला ठाऊक आहे,
आणि तिच्या पाण्याखाली काय आहे, तेही.

प्लातोन इर्कुत्स्कला परतला, त्याची परीक्षा होती.
मग मी एकट्यानेच शहाणपणा केला.
स्वयंपाकघरातल्या संगणकावर
एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला. कमाई दुप्पट, म्हणे.
अँटीव्हायरस आडवा आला,
सूचनेत लिहिलं होतं, त्याला आधी बंद करा.
केला.
राखणदाराला रजा देऊन चोराला पाट मांडला.

तिसऱ्या रात्री जाग आली.
आवाज गॅरेजातला नव्हता.
अंधारात, पडदा काळा असताना,
संगणक धापा टाकत होता.
माउस हलवला, गप्प.
हात काढला, दम धरून बसलो,
पुन्हा हळूहळू चढत गेला तो सूर,
पूर्ण भारावर चाललेल्या यंत्राचा.
माझ्या घरात, माझ्या विजेवर
कुणीतरी आपली खाण खणत होतं.
आयत्या बिळावर नागोबा!

प्लातोन फोनवर ओरडला नाही, हे त्यातल्या त्यात वाईट.
आधी इंटरनेटची तार उपटा, म्हणाला.
मग सगळं पुसा, फोटोंसकट.
(फोटो सगळे मांजराचेच होते.)
प्रोग्रॅम घ्यायचा तो बनवणाऱ्याच्याच दारातून.
अपडेट आलं की उद्यावर टाकायचं नाही.
पाकिटाचे चोवीस शब्द कागदावर लिहा,
त्यांचा फोटो काढू नका, कुणी कितीही गोड विचारलं तरी सांगू नका,
मीसुद्धा विचारलं तरी.
आणि पासवर्ड लांब हवा. जन्मतारीख नको, मांजर नको.
जे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, असं काहीतरी.

रात्रभर तोच विचार.
कुणालाच माहीत नाही असं माझ्याकडे एकच.
मी नऊ वर्षांचा होतो, धरण भरत आलं,
आमची घरं आम्हीच जाळली, पाणी यायच्या आधी.
ती आळी अजून चालता येते मला,
धक्क्यापासून वर, डाव्या हाताने:
घराघरातल्या माणसांची नावं, एकापुढे एक, मध्ये जागा न सोडता.
नकाशात नाहीत, कुठल्या यादीत नाहीत.
चोर येऊन येऊन कुठे शोधणार?
पाण्याखाली?

आता रोज सकाळी आळीतून जातो.
बोटं टकटक दारं ठोठावतात,
कमाई दिसते, बिल वजा जाता
एका पावाइतकी. कधी तेवढीही नाही.

काल सहाव्या घरापाशी अडलो.
पिंपं बनवणाऱ्याच्या पुढे कोण राहायचं?
निळी खिडकी आठवली, कुत्रं आठवलं,
नाव नाही.
एकदा चुकलो, दोनदा.
शेवटी नोवोसिबिर्स्कला बहिणीला फोन लावला.
ग्लाफिरा, निळ्या खिडकीचं घर कुणाचं गं?

ती बराच वेळ बोलली नाही.
मला वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाली, साठ वर्षांत तू पहिल्यांदा विचारतोयस.
कशाला हवंय?

काम आहे जरा, म्हटलं, संगणकाचं.
तिने नाव सांगितलं.
मग सातव्याचंही सांगितलं, न विचारता,
आणि आठव्याचं, जिथे म्हातारीकडे शेळी होती,
आणि मी,
नातवाचा नियम मोडून,
तिला थांबवलं नाही.