पडदा हिरवा होता

निवृत्तीच्या दिवशी क्रिचबाईंनी
पुस्तकं वाटून टाकली, खुर्चीसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली.
किटली तेवढी ठेवली,
बुडाशी काळी पडलेली, झाकण सुतळीने बांधलेलं.

दरवर्षी पहिल्या तासाला तीच टेबलावर यायची.
"घरात शिरलात की आधी चहा घ्या.
वही नंतर काढा.
साखर हवी का विचारलं तर हो म्हणा.
समोरच्याला आपल्याला काही देता आलं,
एवढं तरी वाटू दे."
जेरार्डने विचारलं, परीक्षेला येईल का हे?
"नाही. म्हणून लिहून घे."

सरकारने कॉडची मासेमारी बंद केली त्या वर्षी
न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर होड्या पालथ्या पडल्या
आणि पुरुष भरदुपारी स्वयंपाकघरात दिसू लागले,
कुठे बसावं ते न कळून.
बाईंनी आमचा वर्गच बसमध्ये घातला.
गावोगावच्या सभागृहांत, रंगाच्या वासात,
आम्ही लोकांचे फॉर्म भरून दिले.
एक रकाना होता: मासेमारीखेरीज काय येतं?
अँब्रोज टक म्हणाला, "धुकं."
मी खोडायला निघालो. बाईंनी हात धरला.
पुढच्या सत्रात अँब्रोज आमच्या वर्गात उभा राहिला,
धुक्याचे प्रकार, त्यांचा वास, त्यात हाक कशी मारायची,
तासभर बोलला, मानधन घेतलं,
पावतीवर सही करताना मात्र घामेजला.

मार्चमध्ये यायची ती सातवी केस.
नावं काळ्या शाईने झाकलेली.
उत्तरेच्या खाडीवरचं घर, कडाक्याची थंडी, विझलेली चूल,
खिडकीला पिवळा पडदा, दोन मुलं, मोठं माणूस घरात नाही.
सव्वीस वर्षांच्या एका कार्यकर्तीने
मुलं उचलून नेण्याच्या कागदावर सही केली.
तुम्ही काय केलं असतं?
आमच्यापाशी उत्तरं तयार होती.
मी तर कलमासकट दिलं.

"पडदा हिरवा होता."

शेवटच्या बाकावरून. लोरेटा पाइक,
सप्टेंबरपासून जिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.
"आणि चूल विझली नव्हती, निखारे होते.
आई लाकडं आणायला गेली होती. मी दारातच होते, सहा वर्षांची.
मी तुम्हाला चहा विचारला होता.
तुम्ही वही काढलीत."

रेडिएटर ठोकत राहिला.
बाईंनी डस्टर घेतलं, फळ्यावरचं 'पिवळा' पुसलं,
आणि खडू तिच्यापुढे धरला.
तिने घेतला नाही.
बराच वेळ तो हात तसाच, खडूसकट.
मग आम्ही दप्तरं उचलली, खुर्च्यांचा आवाज न करता.

व्हरांड्यात दोघींचं काय बोलणं झालं
ते तीन जणांनी मला तीन प्रकारे सांगितलं.
एवढं खरं की पुढच्या मार्चपासून
केसमधला पडदा हिरवा झाला,
आणि खाली एक ओळ आली:
सही करणारी मी.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं
भाषणांत भराभर उरकली आज:
धान्यकोठी, पाळणाघर, विधवांची सोसायटी,
कायद्यात बदललेले दोन शब्द,
आडनाव चुकलेला एक सन्मानफलक.
बाई केक खात होत्या, मन लावून.

लोरेटा उशिरा आली, बुटांना बर्फ घेऊन.
आता ती त्याच खात्यात आहे, उत्तर विभागात,
सह्या करते, कधी करत नाही.
भाषण नको म्हणाली.
खोक्याचं एक टोक तिने धरलं, एक बाईंनी,
आणि दोघी जिना उतरल्या, मध्येच थांबत,
एकमेकींना "सांभाळ" म्हणत, बहुतेक खोक्याबद्दलच.

मी वरून पाहिलं.
किटली मागच्या सीटवर ठेवून
लोरेटाने तिला पट्टा लावला,
आणि तो नीट बसला का,
ओढून पाहिला.