फुफाटा

लँकेस्टर. नोव्हेंबर. चारलाच काळोख.
भट्टी साडेचारशे अंशांवर, आत उद्याची काच.
रात्रभर भाजली की ती सोवळी होते,
मग तिला प्लॅस्टिक शिवायचं नाही,
धूळ लागायची नाही, आपला श्वासही बेतानं.

आमच्या घरात सोवळं कधी नव्हतं.
ते दुसऱ्यांचं होतं, आजोबांच्या ओंजळीत
ओट्यावरून, लांबून पाणी ओतणारं.
आता ते मी पाळते, पगार घेऊन,
आणि नवा पोरगा फ्लीसचं जाकीट घालून आत आला
की दारातच त्याला अडवते.
मग दिवसभर ते माझ्याच आवाजात ऐकू येत राहतं.

सीगलची तीन अंडी, न उबलेली.
खलात बलक आणि निर्जल सोडियम सल्फेट.
मीठ पाणी पिऊन घेतं,
पिवळी वाळू होते, हाताला सुटी.
ती कागदी नळकांड्यात. खाली हेक्झेन उकळतं,
वर चढतं, गार होतं, थेंब थेंब साचतं
आणि काठोकाठ झालं की एकदम गुडगुडून रितं.
दर अकरा मिनिटांनी. सोळा तास.

सकाळी आम्ल.
चरबी काळी पडते, करपते, तळाशी बसते.
आपल्याला हवं ते करपत नाही.
जळू नये म्हणूनच तर कुणीतरी ते बनवलं होतं.
ते तपकिरी बाटलीत ठेवायचं, कारण आगीला न जुमानणारं हे
खिडकीतल्या उन्हानं मात्र तुटतं.
गॅरेथ म्हणतो, मग लँकेस्टरला काय भीती.

डोरीन हॅलिवेल, वय एक्क्याऐंशी,
व्हॅक्यूमची पिशवी मांडीवर घेऊन
मोरकॅमहून बसनं आली. टपालानं चाललं असतं.
पिशवीत मांजराचे केस, बिस्किटाचा चुरा,
एक शर्टाचं बटण, कुठल्या तरी नाताळची चमकी.
"माझा भाऊ कीथ," ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर साली.
हातात सिगारेट, डोळा लागलेला.
सोफा तीन मिनिटांत गेला."
सोफ्याबद्दलच बोलत राहिली. हिरवा होता म्हणे.
"आणि तुम्ही ते औषध बंद करायला निघालात?"
मी म्हटलं, मी फक्त मोजते.
"मग नीट मोज."
जाताना विचारलं, तुमच्यात डस्टला काय म्हणतात?
धूळ, म्हटलं.
आणि गरम असली, तर फुफाटा.
तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. फ जमला नाही.

दर खेपेला एक फ्लास्क कोरा असतो.
त्यात काहीच घालायचं नाही, आणि सगळं करायचं:
तेच हेक्झेन, तेच आम्ल, तोच सिलिकाचा स्तंभ,
शेवटी नायट्रोजनची तीच बारीक फुंकर,
पोळल्यावर घालतात तशी.
काहीच नाही, हे सिद्ध करायला दोन दिवस.

या खेपेला कोऱ्यातही टेकडी उगवली.
बुटकी, पण जागच्या जागी, अंड्याच्या टेकडीशेजारी बरोबर.
गॅरेथनं बाक पुसलं, तराजू पुसला,
पोराचं जाकीट संशयानं हुंगलं.
शेवटी खुर्ची उलटी केली. माझी.
सीटची शिवण उसवलेली,
आतून पिवळा स्पंज भुरूभुरू गळत होता,
चार वर्षं, मी टेकले की, उठले की.

खुर्ची बाहेर गेली. पोरगा काही बोलला नाही,
जाकिटाची चेन तेवढी वरपर्यंत ओढली.

अंडी संपली. वॉल्नीची परवानगी आता पुढच्या वसंतात.
डोरीनबाईंची धूळ अर्धा ग्रॅम उरलीय,
एकदा पुरेल.
भट्टी लावली. नवी काच आत.
केस बांधले, स्वेटर काढून बाहेर टांगला,
आणि थंडीत, उभ्यानंच,
कोऱ्या फ्लास्कवर आधी नाव लिहिलं.