पट्टा शेवटपर्यंत ओढा

कागदावर मी तीन सालं लिहून आणली होती.
चौदा : पहिल्या खेपेची, कंपनी तेव्हा स्वतःच शिकत होती.
सतरा : क्लच लवकर जातो, असं भावजी म्हणाले,
आणि भावजींनी आयुष्यात फक्त स्कूटर चालवली.
तिसऱ्या ओळीत नुसतं प्रश्नचिन्ह.

शंभर फुटी रोडला इलाही शिकलगारांचं गॅरेज.
ग्रीस न लागलेल्या दोन बोटांत त्यांनी कागद धरला,
वाचला, पान्याखाली दाबून ठेवला.
"साल कंपनीचं असतंय ताई,
महिना नदीचा.
सोळाची असू दे न्हाय तर अठराची,
एकोणीसच्या ऑगस्टात ती कुठं उभी होती
तेवढं विचारा."

गाडी पांढरी. अठराचं मॉडेल.
मालक बिराप्पा करांडे, जतच्याही पलीकडून पहाटे निघालेले.
टायर नवे, सीटकव्हर नवी, डॅशबोर्डवर भंडारा सांडलेला.
भंडारा आणि सेंटची बाटली मिळून एक वास,
आणि त्याच्या खाली आणखी एक.

तो मला आधी आला होता.
शिकलगारांच्याही आधी.
शामरावनगरात राहणाऱ्या बाईला तो शिकवावा लागत नाही :
गहू, गादी, लग्नाचा अल्बम
एकाच पाण्यात नऊ दिवस राहिले की येतो तो.
पण किंमत साडेपाच होती,
आणि शिराळ्याच्या वाड्यावस्त्यांवरून
रक्ताच्या बाटल्या थर्मासपेटीत घेऊन
टू-व्हीलरवर भिजत हिंडायचा मला कंटाळा आला होता.
मी काच खाली केली.
बोलले नाही.

"पाणी?" करांडे हसले.
"अवो, आमच्याकडं टँकर येतोय आठ दिसानं.
माणसाच्या घशात जाईना, गाडीत कुठनं जातंय?"

शिकलगारांनी बोनेट उघडलं नाही.
इंजिन चालू करा म्हणाले नाहीत.
मागच्या सीटवर जाऊन बसले,
एस.टी.त खिडकीची जागा मिळाल्यासारखे,
आणि पट्टा ओढायला लागले.
एक हात, दोन हात,
गाडी धुणारा पोरगा थांबतो तिथवर,
मग त्याच्याही पुढं,
जिथं पट्टा संपतो आणि आतून काहीतरी कुरकुरतं.

शेवटच्या वितीवर एक रेघ.
तपकिरी, सरळ, पट्टीनं मारावी तशी.
आयर्विन पुलाखालचं सत्तावन्न फूट
इथं येऊन थांबलेलं.

करांड्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
नखानं रेघ खरवडली, चिमटीत चोळली.
"ही आमच्याकडची माती न्हवं."
इतकं हळू, की मला आधी वाटलं कौतुकच करताहेत.
"आमची मुरमाड. ही लोण्यागत हाय."
मग बराच वेळ काही नाही.
"डाक्टरची गाडी म्हणून दिली मला.
फक्त दवाखान्यात जायची म्हणाला."
"दवाखान्यातच असंल," शिकलगार म्हणाले.
"तळमजल्याला."

कुणी हसलं नाही. पोरानं चहा आणला.
पैसे कुणी द्यायचे यावर थोडी ओढाताण झाली,
ती करांड्यांनी जिंकली.

कप खाली ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता,
त्यांनी शिकलगारांना विचारलं,
"ही रेघ धुतली तर जाती का वो?"

शिकलगार हात पुसत होते.
पुसत राहिले.
चिंधी काळी, हात काळे,
कोण कुणाला पुसतंय ते कळेना.

पट्टा काही परत आत गेला नाही.
करांड्यांनी तो गोळा करून सीटवर कोंबला, दार आपटलं,
आणि गाडी मिरजेच्या अंगाला वळली तेव्हा
दाराच्या फटीतून वीतभर बाहेर लोंबत होता,
रेघेसकट.

घरी आल्यावर आठवलं,
कागद पान्याखालीच राहिला.
त्या प्रश्नचिन्हासमोर काय लिहायचं
मला अजून सुचलेलं नाही.