डावं-उजवं

कूटनाय नदीच्या वरच्या अंगाला, खडीच्या जुन्या खाणीत
आमच्या गावाची रेंज.
तीन बाकडी, पत्र्याचं छप्पर,
शंभर यार्डांवर मातीचा बांध,
आणि ग्लॅडिस ट्वेट, वय एकाहत्तर, गळ्यात शिट्टी.
मंगळवार. बाकी कुणी नाही.

खोक्यातून काढली तेव्हा तेलाचा उग्र वास आला.
चारशे एकोणसत्तर डॉलर.
दस्ता बर्चचा, वर अक्रोडाचा रंग फासलेला;
नखानं खरवडलं की आतलं पांढरं लाकूड
खरं बोलायला लागतं.
माशी केसभर डावीकडे कललेली.
लिव्हर पहिल्यांदा ओढला तर खरखरला,
दहाव्या खेपेला नुसता कुरकुरला,
विसाव्याला गप्प झाला,
सासरी रुळल्यासारखा.
दगडापेक्षा वीट मऊ, मी म्हटलं.

पहिली पाच, पन्नास यार्डांवर:
बशीत मावतील एवढी, पण बशी कागदाच्या कडेला.
पितळी खिळा लावून माशी ठोकली,
एकदा, अजून अर्धं.
पुढची पाच, शंभरावर.
ग्लॅडिस दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली,
"एक उनाड आहे. चार घरी आल्यात."
या पैशात चार घरी येणं
म्हणजे पुष्कळच.

इथवर सगळं माझ्या हातांनी.

मग मी बाजू बदलली.
उजव्या हाताची तीन बोटं तळव्यात मिटली,
वरून चिकटपट्टी गुंडाळली.
दस्ता डाव्या खांद्याला.
ग्लॅडिसनं पाहिलं, आणि उगाच
शिट्टीच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली.

ऑरिन माझा धाकटा भाऊ.
फेब्रुवारीत लाकडाच्या गिरणीत
करवतीनं त्याच्याकडून तीन बोटं घेतली.
तेव्हापासून त्याची बंदूक कोटांच्या मागे उभी आहे,
बोल्ट उजवीकडे,
दारांच्या मुठी, कात्र्या, हस्तांदोलनं
असतात त्याच बाजूला.
परवा जेवताना म्हणाला,
"या नोव्हेंबरात कॅम्पवर मी स्वयंपाकाला येतो."
मीठ मागावं तसं म्हणाला.

लिव्हर पोटाखाली असतो.
त्याला डावं-उजवं कळत नाही.
म्हणून ही.

डाव्या हातानं ओढला: आला.
पुंगळी डोळ्यांपुढून उजवीकडे उडाली,
खडीवर टिणकली.
पुन्हा ओढला. आला.
नेम कुठे लागले ते पाहिलंच नाही.
ती पाच त्याची त्यानं मोजावीत.

पण काडतूस भरायचं दार उजव्या कुशीला.
स्प्रिंग हट्टी, कड कोरी.
डाव्या हातानं टेकवायचं
आणि उजव्या अंगठ्यानं रेटायचं,
तोच अंगठा, जो आता
त्याच्या अख्ख्या हाताचा कारभार बघतो.
तिसऱ्या काडतुसाला माझी साल निघाली.
चौथ्याला रक्त.
पाचवं मी खिशात टाकलं.

ग्लॅडिस जवळ आली.
"ठेवणार की परत करणार?"
अंगठा पँटला पुसत मी म्हणालो,
"दार सोडलं तर वाईट नाही."

ती आपल्या ट्रककडे गेली,
बराच वेळ खुडबुड करून
एक बारीक कानस घेऊन आली,
लाकडी मूठ, हाताच्या घामानं काळी पडलेली.
बाकड्यावर ठेवून म्हणाली,
"कड घास. पण थोडी बोचरी राहू दे.
सगळीच गुळगुळीत केलीस
तर पहिल्याच काडतुसाला त्याला कळेल
की कुणीतरी आधी हात फिरवलाय."

खाणीत वारा उतरला.
कागदाचं एक टोक सुटून फडफडत होतं.
मी कानस उचलली,
नवऱ्याची होती का, विचारणार होतो.
तिनं शिट्टी तोंडात धरली होती,
वाजवली मात्र नाही.