एकेचाळीसखालचा ठोकळा

गावाबाहेर, धान्याच्या उंच कोठारापलीकडे
जाळीचं कुंपण, खडीचं मैदान
आणि साठ-सत्तर गाड्या निजलेल्या.
कॅरव्हॅन, होड्या, बर्फावर पळवायच्या स्कूटर,
शाळेची एक जुनी बस, जिच्या मालकाचा चेहरा
वर्ना डिकलाही आता आठवत नाही,
पण भाडं येतं, दर जानेवारीला, पाकिटातून.

फाटकावर वर्नाने स्वतः रंगवलेली पाटी:
फाटक लावून घ्या.
खिडकीतून डोकावू नका.
आपलं तेवढंच न्या.
तिसऱ्या ओळीचा रंग आता उडालाय.
तेव्हा उडालेला नव्हता, हे मला मान्य आहे.

ऑक्टोबर संपत आलेला.
होडी घरी न्यायची होती, इंजिनाच्या कामासाठी,
आणि ट्रेलरचा जॅक चिखलात रुतत चाललेला.
वारा कानाला चावत होता.
शेजारी एकेचाळीसमध्ये
हनाट्युकांची कॅरव्हॅन,
दोन्ही चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी.
सहा वर्षांत गाडी जागची हलली नव्हती.
एकावर भागेल तिचं, मी म्हटलं.
पाच मिनिटांत परत ठेवते, म्हटलं.
कुणाला म्हटलं?
वाऱ्यालाच.

जॅक टेकला, होडी जोडली,
ठोकळा दोरांसोबत मागे ट्रकमध्ये भिरकावला.
त्या रात्री बर्फ पडला
आणि नंतर पडतच राहिला.

जानेवारीत फावडं शोधताना हाताला लागला.
चांगलं वाळलेलं लाकूड.
शेगडीचं दार मी उघडलं होतं,
खोटं कशाला सांगू.
मग उजेडात दिसल्या
पेन्सिलीच्या तीन रेघा, बोटभर अंतरात:
दार्का, सात वर्षं.
मायरॉन, सहा.
झेनिया, आठ, आणि पुढे कुणीतरी खोडलेलं
"टाचा उचलल्या".

कुठल्याशा दाराच्या चौकटीचा
हातभर तुकडा.
मी शेगडी लावून घेतली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
त्या रात्री बाहेरही होतं,
बर्फावर पसरलेलं, लपायला जागा नाही असं.
फाटकाचा आकडा दाबताना प्रत्येक बटण
गावभर ऐकू जाईल असं वाजलं.
गुडघ्यांवर बसून मी चाक मोकळं केलं.
गाडी वीतभर सरकली होती.
फक्त वीतभर.
ठोकळा पुन्हा टेकवला
आणि तिथेच अडले:
अक्षरं आत होती की बाहेर?
नेताना मी पाहिलंच नव्हतं.
बाहेर ठेवली.

मे महिन्यात म्हातारबुवा आले.
टोपी मागे सारून एकदा चाकाकडे पाहिलं,
एकदा खडीत उमटलेल्या जुन्या खड्ड्याकडे.
मग वाकले, हळूहळू, कमरेची परवानगी घेत,
आणि ठोकळा फिरवून अक्षरं आत केली.
"उन्हानं पुसट होतं," म्हणाले, मला नव्हे, चाकाला.

मी सांगून टाकलं.
कसं सांगितलं आठवत नाही, वाक्यं
एकमेकांच्या पायात येत होती.
ते ऐकत राहिले.
वर कोठारावरून एक कबुतर उडालं, परत बसलं.

"होडी निघाली का मग?"
"निघाली."
"घर विकलं तेव्हा चौकट दिली नाही मी.
उरलेली भिंतीत कशाला लावू, आता मुलं
दाराएवढी झाली."
थोडं थांबून:
"विचारलं असतंस तर दुसरा दिला असता.
हा दिला नसता."

रागावले असते तर बरं झालं असतं.
डबा उघडून त्यांनी मला अर्धं सँडविच दिलं,
मोहरी जरा जास्तच होती.

आता माझ्या ट्रकमध्ये चार ठोकळे असतात,
साधे, पाइनचे, कोरे.
परवा अठ्ठावीसमधला पोरगा एक मागायला आला,
दोनदा विचारलं त्यानं.
दिला.

त्या दिवशी निघताना फाटक हनाट्युकांनीच लावलं.
मी गाडीतून उतरून
कडी पुन्हा हलवून पाहिली.