कडा

छत्तीस तुकडे, शनिवारी सातच्या आत.
चेंबूर कॅम्पातून कुणा अल्पनाचा फोन:
"ब्राउनी बिअरच्या हव्यात हं, वरून कॉफी लिक्युअर.
ते मी पाठवते. बिअर तुम्हीच आणा, काळी."
मी हो म्हटलं. गॅसचं बिल आलेलं.

गुरनानीच्या दुकानात सहा वर्षांनी गेले.
तेव्हाही आत नसे जात, पायरीवर थांबायचे,
पर्स पोटाशी धरून.
"थंड देऊ?"
केकसाठी हवी, म्हटलं.
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"साहेब दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत."
बरे आहेत, म्हटलं. सुटे पैसे न मोजताच निघाले.

घरात ओपनर नव्हता.
होता तो मीच भंगारवाल्याला दिलेला, रद्दीसोबत, वजनात.
शेवटी झाकण ओट्याच्या कडेला टेकवून
वरून थाप मारली, मुकुंद मारायचा तशी.
एका फटक्यात उडालं.
माझा हात हे कधी शिकला?

फेस बसू दिला.
मग बासुंदीसारखी आटवत बसले,
साडेसहाशे मिलीची वाटीभर.
आधी पावाचा वास आला, मग गुळाचा,
मग त्या शर्टांचा, जे मी दोन पाण्यांत भिजवायचे.
पंखा पाचावर केला. खिडक्या सताड.
चॉकलेट वितळलं, लोणी वितळलं,
सहा अंडी, साखर, मैदा हलक्या हाताने,
आणि ती वाटी, एका दमात.
मिश्रण इतकं काळं, इतकं तुकतुकीत,
की चमच्यात माझा चष्मा दिसला.

मुकुंद साडेपाचला मीटिंगहून आला.
एक चप्पल काढली, दुसरी पायातच.
तीस वर्षं माहुलच्या रिफायनरीत काढलेलं नाक,
गळती मीटरच्या आधी ह्याला कळायची.
"ऑर्डर आहे," मी म्हटलं.
"उडून जातं ना ओव्हनमध्ये?"
सगळं नाही जात. मी वाचलं होतं.
"बरंचसं," म्हटलं.

त्याने हात धुतले, स्टीलची पट्टी आणली.
ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, दीड इंच म्हणजे दीड इंच.
आमचा ठरलेला करार आहे:
तुकडे गिऱ्हाइकाचे, कडा त्याच्या.
एरवी ओट्याशी उभ्यानेच संपवतो,
वर बोटं चाटून मला दाखवतो.
आज एकेक कड ताटलीत नीट रचत गेला,
लाकडाच्या वखारीसारखी.
"लिक्युअर तू लाव," म्हणाला, "मी गॅलरीत आहे."
मी तुपाच्या ब्रशने लावलं, छत्तीस वेळा,
श्वास धरून, जणू मलाच बंदी.

सातला पोरगा खोका घेऊन गेला.
ताटली ओट्यावर. तिच्याकडे दोघंही बघत नव्हतो.
"कावळ्यांना घालू सकाळी?" मी विचारलं.
"नको," तो म्हणाला. "चढेल त्यांना.
वायरीवर बसून एकमेकांना
लग्नाच्या आठवणी सांगत बसतील."

सहा वर्षांत पहिल्यांदा.
मी हसले, आणि हसता हसताच
सवयीने त्याचे डोळे तपासले.
ते त्याला दिसलं.
काही बोलला नाही. सुरी धुतली, दोनदा,
मग पट्टी,
आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघत राहिला,
आकडे पुसट झालेत का.