निरंक

नान्नजच्या माळावर, वैशाखी पौर्णिमेला,
पाणवठा क्रमांक चारच्या मचाणावर
मी आणि रेवणसिद्ध वनमजूर.
दोन डबे, एक दुर्बीण
आणि छापील तक्ता:
नर, मादी, पिल्लू, ओळखता न आलेले.

आधी मुंग्यांनी आम्हालाच मोजलं.
मग साडेसातला हरणं आली, अकरा.
पाण्याला तोंड लावण्याआधी
प्रत्येकाने मान वळवून मागे पाहिलं.
मागे काही नव्हतं.
"चित्त्याला बघालेत," रेवणसिद्ध म्हणाला.
चित्ता जाऊन किती पिढ्या झाल्या,
यांच्या पोटऱ्यांत अजून त्याचीच घाई.
मारणारा गेला, त्याने घडवलेलं पळणं राहिलं,
सासू वारल्यावरही पदर सावरत राहावं तसं.

सव्वाअकराला लांडगी. लंगडत.
मार्डीच्या म्हाळप्पाची दोन कोकरं हिनेच नेली.
म्हाळप्पाने आधी शिव्या घातल्या, मग बसला, मग म्हणाला,
"वाटा हाय तिचा.
हिनं हरणं आवरली नसती
तर माझ्या मेंढरांला काय, धोंडे उरले असते?"
तक्त्यात वाट्यासाठी रकाना नाही.

रकाना सातवा: माळढोक.

वर्षाला एक अंडं. घरटं नाही.
उघड्या मातीवर, मातीच्याच रंगाचं,
मातीने आपलं म्हणावं इतक्या भरवशाने ठेवलेलं.
हजारो पिढ्या खाली बघून टोळ वेचले
तेव्हा डोळे बाजूंना सरकत गेले;
उडताना समोर काय असतं
हे माळाने त्याला कधी विचारलंच नव्हतं.
मग समोर तारा आल्या.

आणि आम्ही. त्याच्या भल्यासाठी.
मेंढरं पुढे चालायची, खुरांखालून टोळ उडायचे,
मागून हा पाटलासारखा मान ताठ ठेवून वेचत यायचा.
आम्ही कुंपण घातलं. मेंढरं बाहेर राहिली.
गवत कमरेला आलं.
याला हवं घोट्याएवढं,
ज्यातून शत्रू दिसतो आणि बायकोही.
मग माळ उघडा दिसतो म्हणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या.
झाडांवर कावळे बसले.
कावळ्यांना अंडं दिसलं.
कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

पहाटे तीनला रेवणसिद्धने माझं मनगट धरलं.
दूर, अकोलेकाटीच्या अंगाला,
रिकाम्या रांजणात कुणी तोंड घालावं तसं:
हूंम.
मी म्हटलं, द्राक्षाच्या बागेतला पंप असेल.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पंप थांबून ऐकतो का, साहेब?
हा थांबलाय."

आम्हीही थांबलो.
उत्तर आलं नाही.
चांदणं गवतावरून सरकत
लांडगीच्या पावलांत साचलेल्या पाण्यापर्यंत गेलं.

सकाळी कार्यालयात सांगितलं,
रकाना कोरा ठेवता येत नाही.
एक तर आकडा टाका, नाही तर निरंक लिहा.
ऐकलेलं धरत नाहीत. पाहिलेलंच.
मी लिहिलं. निरंक.
चांगला शब्द आहे, स्वच्छ,
धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा.
रेवणसिद्धने माझ्या हातून पेन घेतलं
आणि शेवटच्या ओळीत, ओळखता न आलेले, तिथे
न विचारता एक लिहिला.
मी खोडला नाही.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं,
दोन्ही बाह्यांना कुसळं चिकटली आहेत.
गवताला पाय नाहीत, ते कुणाच्या तरी अंगाला धरून जातं;
पूर्वी मेंढीच्या लोकरीला,
काळविटाच्या पोटाला.
आता माझ्या टेरिकॉटच्या शर्टाला,
अर्ध्या तिकिटाशिवाय,
थेट सोलापूर स्टँडपर्यंत.
तिथे उतरून मी एकेक उपटून काढली
आणि टाकायला जागा शोधली.
सगळीकडे फरशी होती.
मूठ मिटून तसाच घरी आलो.